चाकांवरील घराच्या खिडक्या

परदेशातून परत आलेल्या मनुष्याकडून लोक उंच इमारतींच्या, मोठमोठ्या पुलांच्या आणि दुकानांच्या वर्णनाची अपेक्षा करतात. वाचकहो, मी आज आपणांस खिडक्यांची हकीकत सांगणार आहे. आणि त्या खिडक्याही कोणा राजवाड्याच्या नव्हेत, तर शाळेतील मुलांची ने-आण करून थकलेल्या एका जुन्या बसच्या. विषय क्षुल्लक वाटेल, परंतु या खिडक्यांनी माझे पंधरा दिवस व्यापून टाकले, आणि त्यांच्यापासून मी जे शिकलो ते आपल्या खेड्यांतील घरांनाही लागू पडणारे आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमच्या खानापूर तालुक्यातील एक कुटुंब पुष्कळ वर्षांपासून अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी राहते. गृहस्थ यंत्रदुरुस्तीच्या कामात निष्णात आहेत. त्यांच्या पत्नी परिचारिका आहेत. मुलगा शिक्षणासाठी दूर गेलेला. घरात तिसरे माणूस म्हणजे गृहस्थांच्या मातोश्री. त्यांचे वय त्या वेळी ७६ होते, आणि त्यांना मी लहानपणापासून मावशी म्हणत आलो आहे. २०२४ सालच्या जानेवारीत मला त्या देशी जाण्याचा योग आला, तेव्हा या कुटुंबाने मोठ्या आग्रहाने मला आपल्याकडे बोलावून घेतले.

गेल्यावर पाहतो तो घराच्या अंगणात एक लांबलचक पिवळी बस उभी. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्या देशात ज्या रुग्णालयांना परिचारिकांची टंचाई भासते ती बाहेरगावच्या परिचारिकांना ठरावीक मुदतीच्या करारावर बोलावतात, आणि हा करार बहुधा १३ आठवड्यांचा असतो. मुदत संपली की दुसरे गाव, दुसरे रुग्णालय. वेतन बरे मिळते, परंतु दर तीन महिन्यांनी नवे बिऱ्हाड शोधणे, त्याचे भाडे भरणे आणि वृद्ध सासूबाईंना नव्या जागी रुळवणे हे सोपे नव्हे. यास्तव या कुटुंबाने बिऱ्हाडच चाकांवर चढविण्याचा निश्चय केला होता. बस आतून रिकामी करून तीत स्वयंपाकाची ओटी, बिछाने, पाण्याची टाकी इत्यादी सोय केली होती. राहिल्या होत्या त्या खिडक्या. त्या घेण्यासाठी आम्ही सर्व त्याच बसमधून क्वार्ट्झसाइट नावाच्या गावी निघालो.

फीनिक्सपासून हे गाव पश्चिमेस सुमारे २०० किलोमीटर आहे. महामार्ग सरळ वाळवंटातून जातो. वाळवंट म्हटल्यावर आपण वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे आणतो, पण येथील भूमी तशी नाही. खडकाळ जमीन, काळपट डोंगर आणि त्यांवर हात उभारून उभे असलेले सग्वारो जातीचे प्रचंड निवडुंग. या निवडुंगाला पहिली फांदी फुटण्यास पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात असे कळल्यावर मावशी म्हणाल्या, "मग हे माझ्याच वयाचे आहेत की, फादर!" आणि पुढे वाटभर त्या खिडकीतून त्यांच्याकडे ओळखीच्या नजरेने पाहत होत्या.

क्वार्ट्झसाइट हे गाव फार चमत्कारिक आहे. उन्हाळ्यात तेथे ४५ अंशांच्या वर उष्णता जाते, आणि कायमची वस्ती अवघी अडीच हजारांच्या आसपास. परंतु हिवाळा आला की उत्तरेकडील हिमाला कंटाळलेले लोक आपापली मोटारघरे घेऊन या माळावर उतरतात. सरकारच्या भूमी-व्यवस्थापन खात्याने १९८३ साली अशा पाहुण्यांसाठी दीर्घ मुक्कामाच्या जागा ठरवून दिल्या. त्यांपैकी ला पोसा नावाची जागा गावाला लागूनच आहे, आणि तिचा विस्तार ११,४०० एकर भरतो. परवाना काढून १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत तेथे राहता येते. पाणी भरण्याची व सांडपाणी सोडण्याची जागा सार्वजनिक. बाकी ज्याची सोय त्याने करावी. जानेवारीत या गावात मोटारघरांचे मोठे प्रदर्शन भरते आणि आजूबाजूला जुन्या-नव्या सामानाचा बाजार लागतो. आपल्याकडील जत्रेत जसा एका रांगेत भांडी, दुसऱ्या रांगेत घोंगड्या असा थाट असतो, तद्वत येथे एका रांगेत चाके, दुसरीत पाण्याचे पंप, तिसरीत खिडक्या!

या गावाचा पूर्वेतिहासही प्रवाशांचाच आहे. घोड्यांच्या डाकगाड्या ज्या काळी धावत, त्या काळी हे ठिकाण टायसन्स वेल्स, म्हणजे टायसनच्या विहिरी, या नावाने प्रसिद्ध होते, आणि गाड्या तेथे पाण्यासाठी थांबत. गावच्या दफनभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड असून त्याच्या शिखरावर धातूचा उंट आहे. खाली हाजी अली नावाचा उंटवाला विसावला आहे. अमेरिकेच्या सैन्याने वाळवंटात ओझी वाहण्यासाठी १८५६ साली पूर्वेकडून उंट आणविले, त्यांच्यासमवेत हा गृहस्थ आला. तेथील लोकांना त्याचे नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचे हाय जॉली करून टाकले. उंटांचा प्रयोग फसला, परंतु हा मनुष्य त्या देशातच राहिला आणि १९०२ साली येथे वारला. १९३५ साली राज्याच्या महामार्ग खात्याने त्याचे हे स्मारक उभारले. रस्ते बांधणाऱ्यांनी एका उंटवाल्याचा असा मान राखावा, याचे मला कौतुक वाटले.

असो. आता बसकडे वळू. अमेरिकेतील शाळांच्या बसगाड्या सगळीकडे एकाच पिवळ्या रंगाच्या दिसतात, त्याला कारण आहे. १९३९ साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयात फ्रँक सायर नामक प्राध्यापकांनी एक परिषद भरविली आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी या गाड्यांची मोजमापे व रंग ठरवून दिला. पहाटेच्या व सायंकाळच्या अंधुक प्रकाशातही हा पिवळा रंग व त्यावरील काळी अक्षरे ठळक दिसतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना पोलादी फासळ्या असून त्या एका बाजूच्या तळापासून छतावरून वळून दुसऱ्या बाजूच्या तळापर्यंत जातात. गाडी उलटली तरी छप्पर मुलांच्या डोक्यावर बसू नये, ही त्यांतील योजना. प्रत्येक दोन फासळ्यांच्या मध्ये एक खिडकी, अशा आमच्या बसला एकेका बाजूस बारा खिडक्या होत्या.

या खिडक्या शाळेच्या मुलांसाठी उत्तम, पण घरासाठी मात्र गैरसोयीच्या. ॲल्युमिनियमच्या चौकटीत दोन तावदाने असतात. दोन्ही बाजूंचे खटके एकाच वेळी चिमटीत दाबावे तेव्हा वरचे तावदान खाली सरकते. याचा अर्थ असा की पाऊस आला की खिडकी उघडी ठेवता येत नाही, कारण उघडी जागा वरच्या बाजूस असते. काच एकेरी असल्यामुळे दिवसाचे ऊन आत येते आणि रात्रीची ऊब बाहेर जाते. बंद जागेत तीन माणसे निजली की त्यांच्या श्वासातील ओल थंड काचेवर जमते, थेंब बनून चौकटीत उतरते, आणि तेथून भिंतीच्या पोटात शिरून पत्र्याला गंज चढविते. शिवाय वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी चौकटीभोवतीची लांबी सुटलेली असते. आमच्या यजमानांनी बसची जमीन उकलली तेव्हा खिडक्यांखालचा पत्रा ठिकठिकाणी खाल्लेला आढळला होता. छत गळत नव्हते. सारे पाणी खिडक्यांच्या वाटेने आले होते.

यावर तीन उपाय असतात. पहिला, जुन्याच खिडक्या काढून, चौकटी साफ करून, नवी लांबी भरून पुन्हा बसवाव्यात. खर्च कमी, पण उष्णतेचा प्रश्न तसाच राहतो. दुसरा, ज्या खिडक्या नकोत त्यांच्या जागी पोलादी पत्रा ठोकून भिंत करावी. तिसरा, जुन्या काढून मोटारघरांसाठी मुद्दाम बनविलेल्या नव्या खिडक्या घ्याव्यात. यजमानांनी एका कागदावर नकाशा काढला होता. चोवीसपैकी अठरा खिडक्या ते बुजविणार होते आणि सहा नव्या बसविणार होते. अगदी मागे, जेथे मावशींचा बिछाना होता, तेथे तिन्ही बाजू पत्र्याने बंद. "थंडी वाजायला नको, आणि कोणी आत डोकावायला नको," असे त्यांचे म्हणणे. बसला मागील बाजूस संकटकाळी बाहेर पडण्याचे दार असते. ते त्यांनी काढले नव्हते, परंतु बिछाना आडवा टाकल्यामुळे ते उघडणे अशक्य झाले होते.

मुलाचा हेतू आईच्या सुखाचाच होता, यात शंका नाही. तथापि त्याने आईला विचारले नव्हते. पहिल्या रात्री जेवताना तो नकाशा टेबलावर पसरला, तेव्हा मावशींनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि विचारले, "यात माझी खिडकी कुठली रे?"

"आई, तुला तिथे खिडकीची गरज नाही. उबदार राहशील."

मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फादर, खिडकीवाचूनच्या खोलीला आपल्याकडे कोठी म्हणतात. कोठीत भात ठेवतात, माणूस नव्हे. रात्री जाग आली तर गाडी कुठल्या गावी उभी आहे, हे तरी मला कळायला नको का?"

सूनबाईंनी सासूची बाजू घेतली. यजमान काही बोलले नाहीत, पण त्यांनी नकाशा घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी काच या वस्तूचा कधी विचारच केला नव्हता. त्या आठवड्यात पुष्कळ शिकलो. वाहनांच्या काचेवर कोपऱ्यात बारीक अक्षरांची खूण असते. एएस-१ अशी खूण असलेली काच समोरच्या तावदानासाठी, एएस-२ बाजूंसाठी, आणि एएस-३ खुणेची गडद काच चालकाच्या मागील भागात चालते. समोरची काच दोन पातळ काचांमध्ये चिवट पापुद्रा घालून केलेली असते. ती तडकली तरी सुटत नाही. बाजूची काच मात्र बहुधा टफन केलेली, म्हणजे भट्टीत सुमारे ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते. ती साध्या काचेहून पुष्कळ मजबूत, आणि फुटलीच तर तिचे सुरे न होता लहान बोथट खडे होतात. पण तिला एक अट आहे. एकदा टफन झाली की ती कापता येत नाही. कापायला गेलात तर सर्व काचेचा चुरा होतो. म्हणून मागणी देण्यापूर्वी माप चोख पाहिजे. काचेऐवजी ॲक्रिलिकची दुहेरी तावदानेही युरोपीय मोटारघरांत वापरतात. ती वजनाला काचेच्या निम्मी व उबेला चांगली, मात्र वाळवंटातील धुळीने त्यांवर ओरखडे लवकर पडतात.

दुहेरी काचेचे रहस्यही मला एका वृद्ध विक्रेत्याने समजावून दिले. दोन काचांमध्ये कोरडी हवा कोंडून कडा बंद केलेल्या असतात, आणि त्या स्थिर हवेच्या थरामुळे एकेरी काचेच्या मानाने सुमारे निम्मीच उष्णता आरपार जाते. परंतु कडेचा बंद एकदा निकामी झाला की ओली हवा आत शिरते आणि दोन काचांच्या मधोमध धुके धरते. ते आतून पुसता येत नाही आणि बाहेरूनही पुसता येत नाही. यजमानांनी पूर्वीच एका ठिकाणाहून चार जुन्या दुहेरी खिडक्या स्वस्तात आणून ठेवल्या होत्या. त्या वृद्धाने त्या उन्हात उभ्या करून दाखविल्या, तेव्हा चारपैकी दोन पांढुरक्या निघाल्या. मावशी हसून म्हणाल्या, "गोव्यात माझ्या आजोळी शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या होत्या. त्यांतून असाच दुधी उजेड यायचा. पण त्या उघडल्या की समोरचे माड दिसायचे." वाचकांपैकी ज्यांनी गोव्यातील जुनी घरे पाहिली आहेत, त्यांना ती लाकडी चौकटीत ओळीने बसविलेली पातळ, चपटी शिंपल्यांची तावदाने ठाऊक असतील. काच दुर्मिळ होती तेव्हा त्या कारागिरांनी समुद्राकडून तावदाने घेतली. पण उजेड आला तरी खिडकी उघडली पाहिजे, ही मावशींची खूण माझ्या मनात राहिली.

त्याच रात्री मला झोप येईना. बाहेर वाळवंटात निःशब्द थंडी होती आणि मी बसच्या पुढील भागात पडलो होतो. माझ्या उशाशी बसचे मुख्य दार, दाराशेजारी स्वयंपाकाची ओटी, ओटीखाली गॅसची नळी. मागे, आठ-दहा पावलांवर, मावशी. मला बुलढाणा जिल्ह्यातील ती घटना आठवली. १ जुलै २०२३ रोजी, मध्यरात्रीनंतर, नागपूरहून पुण्यास निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक अपघात होऊन उलटली आणि पेटली. २५ माणसे जळून गेली. जी थोडी वाचली त्यांपैकी काही काच फोडून बाहेर आली होती. त्या दिवशी महाराष्ट्रातील घरोघरी लोक सुन्न झाले होते. मी अंथरुणावर उठून बसलो आणि विचार केला, या ओटीला आग लागली तर पुढचे दार प्रथम बंद होईल. आणि मागे तर आपण दार, खिडकी, दोन्ही बुजवून ठेवणार आहोत.

सकाळी मी ही गोष्ट भीत भीत यजमानांपुढे काढली. पाहुण्याने घरधन्याच्या कामात तोंड घालावे हे शिष्टाचाराला सोडून होते. त्यांनी मात्र शांतपणे ऐकून घेतले आणि आईला म्हणाले, "आई, तुझ्याजवळची जुनी खिडकी उघडून दाखव बघू."

मावशींनी दोन्ही खटके धरले. संधिवाताने त्यांची बोटे वाकलेली आहेत. एक खटका दबला, तर दुसरा सुटे. दुसरा दाबावा तो पहिला निसटे. तीनदा प्रयत्न करून त्या खाली बसल्या. "पूर्वी उघडायची," असे काहीशा ओशाळ्या स्वराने म्हणाल्या. यजमान तोंड फिरवून बराच वेळ बाहेर पाहत राहिले.

त्या वेळी सूनबाईंनी जे विचारले ते मला सुचले नव्हते. "खिडकी नवी घेतली, सोपी घेतली, तरी ती जमिनीपासून जवळजवळ सहा फूट उंच आहे. आईंनी तिथून उडी कशी मारायची?" परिचारिकेचा अनुभव बोलत होता. सर्व जण विचारात पडले, आणि त्या प्रश्नातूनच खरा मार्ग निघाला. संकटकाळचे दार बसला मूळचेच होते; ते आपण बिछान्याने अडविले होते. बिछाना आडव्याऐवजी भिंतीलगत उभा लावला तर दार मोकळे होत होते. जागा थोडी कमी पडत होती. कपड्यांची पेटी हलवावी लागत होती. पण दार उघडे राहत होते, आणि दाराला बाहेरून घडीची पायरी व आत हाताशी एक दांडी लावता येत होती. खिडकी हवीच, परंतु तिचे काम दुसरे: धूर बाहेर जाण्यासाठी, हाक ऐकू जाण्यासाठी, बाहेरच्याला आत हात देता यावा यासाठी, आणि धडधाकट माणसाला दुसरी वाट म्हणून.

मग नवा नकाशा झाला, तो मावशींच्या समोर. त्यांच्या बिछान्याशी दुहेरी टफन काचेची, संकटकाळी पूर्ण उघडणारी खिडकी ठरली. हिची झडप वरच्या बिजागरीवर बाहेर ढकलली जाते, त्यामुळे पाऊस असतानाही ती थोडी उघडी ठेवता येते. दोन लाल मुठी वर उचलल्या की झडप सुटते. चिमटीची गरज नाही, तळहात पुरतो. ओटीच्या मागे सरकती खिडकी, कारण तेथे बाहेर ढकलणारी झडप चांदणीला अडली असती. उरलेल्या चारही वरच्या बिजागरीच्या. बाहेरून दिसू नये म्हणून पत्रा न ठोकता गडद काच व जाड पडदा यांवर भागविले.

खिडकी निवडताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागल्या. मोठी, रुंद खिडकी दिसायला सुंदर. पण तिच्यासाठी मधली फासळी कापावी लागते, आणि फासळी कापली की बस उलटल्यावर छप्पर तोलणारे बळ गेले. म्हणून दोन फासळ्यांमधील मूळ जागेतच बसेल एवढ्या रुंदीची खिडकी घेतली. दुसरे, या खिडक्या भिंतीला खिळ्यांनी ठोकत नाहीत. बाहेरची चौकट व आतले कडे यांच्या मध्ये भिंत चिमटीत धरली जाते. यासाठी मागणी देताना भिंतीची जाडी सांगावी लागते. पातळ भिंतीचे कडे जाड भिंतीला चालत नाही. यजमानांनी जाडी तीन जागी मोजली, आणि मावशींच्या आज्ञेवरून चौथ्यांदा मोजली.

बसविण्याचे काम चार दिवस चालले. जुनी खिडकी काढताना एक मनुष्य आत व एक बाहेर लागतो, मी बाहेरचा. गंज खरवडला, त्यावर गंजरोधक रंग दिला, कोपरे गोल केले, कारण काटकोनाच्या कोपऱ्यात ताण साचून तेथूनच पत्रा चिरत जातो. खिडकी एकदा नुसतीच लावून पाहिली, मग काढून चौकटीच्या मागे डांबरासारखी चिकट ब्यूटाइलची पट्टी सर्व बाजूंनी लावली आणि आतले कडे स्क्रूंनी आवळले. तेही ओळीने नव्हे, तर समोरासमोरचे थोडे थोडे, म्हणजे दाब सारखा बसतो. चौकटीच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. ती खालीच आली पाहिजेत.

शेवटी परीक्षा. मावशी आत टॉवेल घेऊन बसल्या आणि मी बाहेरून नळीने पाणी सोडू लागलो. पाणी खालून वर मारीत जावे, म्हणजे गळती कोठली ते कळते. प्रथमच वरून मारले तर सगळेच ओले होऊन काही उमजत नाही. पाच खिडक्या कोरड्या राहिल्या. मावशींच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात मात्र थेंब उतरला. यजमानांनी अति काळजीने तेथे जास्तीचा सीलंट भरला होता आणि निथळण्याचे भोकच बुजवून टाकले होते. टाचणीने भोक मोकळे केले, आणि गळती थांबली. "पाण्यालाही बाहेर जायला वाट हवी रे," असे मावशी म्हणाल्या, आणि त्या दिवशी प्रथमच यजमान मनमोकळे हसले.

त्या रात्री, दिवे मालवून, आम्ही एक खेळ केला. यजमानांनी "आग!" म्हणून हाक दिली. मावशींनी अंधारात एका हाताने लाल मूठ उचलली, खिडकी उघडली, आणि दुसऱ्या हाताने दांडी धरून मागच्या दारातून सुनेच्या आधाराने खाली उतरल्या. पहिल्या वेळी मिनिटाहून जास्त लागले, तिसऱ्या वेळी त्याच्या निम्मे. बाहेर आल्यावर त्या थंडीत उभ्या राहिल्या, आणि आकाशात एवढे तारे आपण खानापूर सोडल्यापासून पाहिले नव्हते, असे म्हणाल्या.

मी स्वदेशी परतल्यावर प्रथम आमच्या धर्मग्रामातील घरांच्या खिडक्यांकडे पाहू लागलो. चोरांच्या भयाने आपण प्रत्येक खिडकीला लोखंडी गज भिंतीत पक्के बसवितो. त्यात गैर काही नाही. पण वाचकहो, रात्री स्वयंपाकघरात सिलिंडर पेटला आणि पुढची वाट बंद झाली, तर मागच्या खोलीत निजलेली आजी कोठून बाहेर येणार? निदान एका खोलीच्या तरी गजांना बिजागरी व आतून कडी ठेवावी. कुलूप लावायचे असेल तर किल्ली खिडकीशेजारीच खिळ्याला टांगावी, कपाटात नव्हे. मागच्या दारापुढे धान्याची पिंपे रचू नयेत. आणि कडी बसविल्यावर ती तरुणाच्या हाताने न तपासता घरातील सर्वांत म्हाताऱ्या व सर्वांत लहान हाताने तपासून पाहावी. यास फारसा पैसा लागत नाही. आपल्या गावचा लोहार एका दिवसात करून देईल.

गेल्या नाताळात मावशींचा फोन आला होता. सूनबाईंचा नवा करार फ्लॅगस्टाफ या डोंगरावरील गावी आहे. मी प्रकृती विचारली, तर त्यांनी ती थोडक्यात सांगितली आणि मग म्हणाल्या, "इथे बर्फ पडतोय, फादर. पहाटे जाग आली, पडदा सारला, तर समोर सगळी झाडे पांढरी. मुलाला उठवून दाखवले."